आपल्या गावातले स्वतंत्र गायक-वादक: शोधता कसे? आणि शाल-नारळाशिवाय त्यांना देता काय?

गोदाकाठ (नाशिक)

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीच्या वर्धापनदिनाला एका मुलीला गायला बोलावलं होतं. इथलीच, पंचवटीतली. स्वतः लिहिते, स्वतः चाली लावते, गिटारवर गाते. दीड तास गायली. द्राक्षाच्या छाटणीला जाणाऱ्या बायकांवर तिचं एक गाणं आहे. ते सुरू झालं तेव्हा आमच्या मजल्यावरच्या काकू पिशवी उचलून निघाल्या होत्या. त्या पिशवी तशीच हातात धरून शेवटच्या कडव्यापर्यंत उभ्या राहिल्या आणि मग परत खाली बसल्या. काकूंचं माहेर निफाडकडचं, छाटणीला त्या स्वतः गेलेल्या आहेत.

कार्यक्रम संपल्यावर अध्यक्षांनी तिला शाल, श्रीफळ आणि तुळशीचं रोप दिलं. टाळ्या झाल्या. सगळे जेवायला गेले.

मी तिला गेटपर्यंत सोडायला गेले. गिटार पिशवीत घालण्याआधी ती एकेक तार फडक्याने पुसत होती. मी सहज विचारलं, तर म्हणाली, "ताई, घामाने तारा गंजतात. सेट आठशेचा येतो." मग जरा थांबून, अगदी साध्या आवाजात, "शाली मात्र अकरा झाल्यात घरी." रिक्षाचे पैसे तिने तिच्या पाकिटातून दिले.

मांडववाल्याला आम्ही आगाऊ पैसे दिले होते. केटररलाही. साउंडवाल्याला साडेचार हजार. आणि जिच्या आवाजासाठी तो साउंड लावला, तिला काय द्यायचं याची चर्चासुद्धा झाली नाही. त्या समितीत मी होते, म्हणून ही गोष्ट मनातून जात नाही.

तर दोन गोष्टी विचारायच्या आहेत. असे कलाकार तुम्हाला सापडतात कुठे? आणि तुम्ही त्यांच्यासाठी नेमकं काय करता? प्रत्यक्ष केलेलं सांगा.

रात्रपाळी (पिंपरी)

शोधण्याबद्दल सांगतो, कारण गेली सहा-सात वर्षं रात्रीच्या शिफ्टला कानात हेच असतं.

अ‍ॅपच्या शिफारशींवर माझा भरवसा राहिलेला नाही. जे आधीच लाखोंनी ऐकलंय तेच पुन्हा पुढे येतं. मी नावांच्या मागे जातो. एखादं गाणं आवडलं की त्याखालचे तपशील उघडायचे: बासरी कुणाची, ढोलकी कुणाची, मिक्सिंग कुणी केलं. त्या ढोलकीवाल्याचं नाव शोधलं की तो आणखी तिघांबरोबर वाजवताना सापडतो. 'अभंग रिपोस्ट' मला असेच सापडले. ते अभंग बास गिटार आणि ड्रम्सवर वाजवतात, आणि शब्द मात्र जपून, स्पष्ट म्हणतात. मुंबईच्या 'स्वदेशी' गटापर्यंतही असाच पोचलो. त्यांच्यात मराठीतून रॅप करणारे आहेत. आरेच्या जंगलावरचं २०१९ सालचं त्यांचं वारलींसोबतचं काम ऐका. प्रकाश भोईर त्यात आहेत, आरेतल्या पाड्यावरचे.

दुसरी जागा म्हणजे कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धा. पुरुषोत्तम करंडक १९६३ पासून चालू आहे, त्यात नाटकं बघायला सगळे जातात. मी पार्श्वसंगीत करणाऱ्या मुलांची नावं लिहून आणतो. फिरोदिया करंडकात तर गाणारे-वाजवणारे रंगमंचावरच असतात. आज ज्यांना तिकीट काढून ऐकतो त्यातल्या दोघांना मी पहिल्यांदा तिथे बघितलं.

मांडवीपार (पणजी)

जुन्या पिढीतली एक आठवण. रेमो फर्नांडिस यांनी १९८४ साली शिवोलीच्या घरी, चार ट्रॅकच्या छोट्या रेकॉर्डरवर अल्बम केला. कंपन्यांना त्यात रस नव्हता. मग कॅसेट स्कूटरवर घालून दुकानोदुकानी स्वतः नेऊन दिल्या. आमच्या घरी तेव्हा टेपरेकॉर्डर नव्हता. वडिलांनी ओळखीच्या दुकानात उभं राहून ती ऐकली, विकत घेतली आणि पुढे टेपरेकॉर्डर आला तेव्हा तीच पहिली वाजली. 'स्वतंत्र' म्हणजे काय, हे मला तिथून कळलं. दुकानदाराने कॅसेट ठेवून घेतली आणि गिऱ्हाइकाने पैसे मोजले, म्हणून तो अल्बम चालला.

खर्जातला सा (डोंबिवली)

मी स्वतः गातो, म्हणून माझा खर्च उघडा मांडतो. मागच्या गाण्याला स्टुडिओ ६ तास, तासाला ८०० प्रमाणे ४,८००. बासरीवाल्या मित्राचे ३,०००. मिक्सिंग-मास्टरिंग ७,०००. कव्हरचं चित्र २,०००. सगळ्या अ‍ॅपवर गाणं चढवणाऱ्या वितरकाची वर्षाची फी १,७००. एकूण १८,५००. वर्षभरात सगळीकडून मिळून परत आले १,१४० रुपये.

कृपा करून हे वाचून हळहळू नका. मी नोकरी करतो, घर चालतं. पण बासरीवाल्याची नोकरी नाही. त्याचे ३,००० मी रेकॉर्डिंगच्या दिवशीच देतो, कारण त्याच्याकडे ते महिन्याच्या किराण्यात जातात. "बघू, गाणं चाललं की देतो" असं मला त्याला सांगता येत नाही, आणि मला कुणी तसं सांगितलं की बासरीवाल्याचा चेहरा डोळ्यांपुढे येतो.

गोदाकाठताई, तुमच्या त्या गायिकेच्या अकरा शाली वाचल्या. माझ्याकडे चौदा आहेत. आई त्यांची दुलई शिवणार आहे.

तानपुरा (मिरज)

माझं मत थोडं वेगळं आहे, राग मानू नये. आमच्या लहानपणी मैफलीला गवयी बिदागी ठरवून येत, हे खरं. पण त्याआधी दहा-पंधरा वर्षं त्यांनी गुरूच्या घरी काढलेली असत. आता तीन गाणी केली की कार्यक्रमाचे पैसे हवेत. गाणं कसदार असेल तर लोक आपणहून देतात. आधी पैशाची बोली केली की रसिक आणि कलाकार यांच्यात व्यवहार येतो.

कुकडीकाठ (जुन्नर)

काका, व्यवहार आला की कला कमी होते हे मला पटत नाही. आमच्याकडे या.

नारायणगावला पाडव्याच्या सुमारास तमाशाच्या फडांच्या राहुट्या पडतात. प्रत्येक फडाची राहुटी, त्यावर फडमालकाचं नाव. गावोगावचे यात्रा कमिटीवाले येतात, राहुटीत सतरंजीवर बसतात, चहा होतो आणि सुपारी ठरते. तारीख कोणती, गाव कुठलं, किती कलावंत येणार, रक्कम किती, सगळं कागदावर. विसार, म्हणजे आगाऊ रक्कम, हातात पडल्याशिवाय तारीख पक्की होत नाही. माझे आजोबा आमच्या गावच्या कमिटीत होते. मी लहानपणी त्यांच्याबरोबर गेलोय. घासाघीस जोरात व्हायची, पण फुकट या, नाव होईल, असं फडमालकाला सांगायची कुणाची टाप नव्हती. आणि रात्री गण-गौळणीला तेच आजोबा पहिल्या रांगेत मान डोलवत असायचे. दुपारच्या घासाघिशीने रात्रीचं रसिकपण कुठे कमी झालं नाही.

शिकलेल्या शहरी लोकांच्या कार्यक्रमांत हा कागद का नाहीसा होतो, हे मला खरंच कळत नाही. ज्यांच्या कलेला आपण वर्षानुवर्षं नाकं मुरडली त्यांच्याकडे बोली, विसार, सुपारी असा पक्का रिवाज आहे.

एक कडू गोष्टही सांगतो, कारण अर्धंच चित्र द्यायचं नाही. विठाबाई नारायणगावकरांना राष्ट्रपतींच्या हस्ते दोनदा सन्मान मिळाला, १९५७ आणि १९९० साली. २००२ साली त्या गेल्या. शेवटची वर्षं हलाखीत गेली. सुपारीचे पैसे फड चालवण्यात जातात, म्हातारपणासाठी काही उरत नाही. राज्य शासनाची ज्येष्ठ कलावंतांसाठी मासिक मानधनाची योजना आहे. माझ्या ओळखीच्या एका सोंगाड्याचा अर्ज तीन वेळा परत आला, दर वेळी एखादा कागद कमी. चौथ्या वेळी मी सोबत गेलो, जुन्या यात्रांच्या पत्रिका गोळा केल्या, दाखले लावले, तेव्हा मंजूर झाला. तुमच्या गावात असं कुणी असेल तर अर्ज भरायला एक दुपार द्या. त्याला त्याचा मोठा आधार होतो.

तानपुरा (मिरज)

कुकडीकाठ, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला.

आमच्या गल्लीत तंतुवाद्यं बनवणाऱ्यांची घरं आहेत. मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात, वर्षभर वाळवतात. माझा तानपुरा मी तिथेच करून घेतला. निम्मे पैसे आगाऊ दिले आणि आठ महिने वाट बघितली. तेव्हा आमच्यात व्यवहार आला असं मला वाटलं नाही. कारागीर जवारी लावताना, म्हणजे तारेचा सूर खुलवताना, मला समोर बसवून घ्यायचा. सुताचा धागा तारेखाली सरकवत सरकवत एका जागी थांबायचा आणि म्हणायचा, "आता ऐका." त्याला आगाऊ देताना जे सहज वाटलं, ते वाजवणाऱ्याला देताना जड का वाटावं, याचं उत्तर माझ्याकडे नाही. माझा मुद्दा मी मागे घेतो. रियाज हवा, एवढं मात्र म्हणत राहीन.

खर्जातला सा (डोंबिवली)

काका, रियाजाबद्दल शंभर टक्के. रोज पहाटे पाच ते साडेसहा. शेजाऱ्यांची पुण्याई.

हिशोबनीस (कोथरूड)

अ‍ॅपचे पैसे कसे वाटले जातात हे पुष्कळांना माहीत नसतं, म्हणून सांगते. तुम्ही महिन्याची वर्गणी भरता आणि महिनाभर फक्त पंचवटीतल्या त्या मुलीलाच ऐकता. तरी तुमची वर्गणी तिला जात नाही. बहुतेक मोठ्या अ‍ॅपवर सगळ्यांची वर्गणी एका हौदात पडते आणि एकूण ऐकण्यात ज्याचा जेवढा हिस्सा, तेवढं पाणी त्याच्या शेताला. शिवाय स्पॉटिफायवर २०२४ पासून नियम असा की मागच्या १२ महिन्यांत एखादं गाणं किमान १,००० वेळा ऐकलं गेलं नसेल, तर त्याला रॉयल्टीच नाही. यूट्यूबवर जाहिरातींतला वाटा हवा तर १,००० सदस्य आणि वर्षभरात ४,००० तास बघितलं जाणं, ही नेहमीची अट. नव्या मराठी गायिकेला हे उंबरठे उंच आहेत.

बँडकॅम्प नावाचं संकेतस्थळ २००८ पासून आहे, तिथे गाणं थेट विकत घेता येतं. किंमत कलाकार ठरवतो, ऐकणारा वाटल्यास जास्तही देतो. डिजिटल विक्रीवर ते १५ टक्के घेतात, पैसे पोचवण्याचं शुल्क वेगळं कापलं जातं, बाकी कलाकाराचं. पण एक अडचण आहे. तिथली देवघेव मुख्यतः पेपालवर चालते आणि पेपालने १ एप्रिल २०२१ पासून भारतातल्या भारतात पैसे पाठवण्याची सेवा बंद केली. म्हणून नाशिकच्या माणसाने डोंबिवलीच्या गायकाला द्यायचे असतील तर सरळ यूपीआय. कलाकारांनो, गाण्याच्या खाली तुमचा यूपीआयचा पत्ता लिहायला लाजू नका. मी महिन्याला ३०० रुपये बाजूला काढते आणि दर महिन्याला तीन जणांना शंभर-शंभर पाठवते. सोबत एक ओळ लिहिते, कुठलं गाणं, त्यातलं काय आवडलं. पैशाआधी त्या ओळीलाच उत्तर येतं.

परसबाग (न्यू जर्सी)

परदेशातल्यांसाठी बँडकॅम्प खरंच सोयीचं आहे. मार्च २०२० पासून त्यांचा 'बँडकॅम्प फ्रायडे' सुरू झाला. ठरावीक शुक्रवारी ते स्वतःचा वाटा सोडून देतात. आम्ही चार घरं मिळून त्या दिवसासाठी यादी करून ठेवतो. कुणी एखादा मराठी, कोकणी आवाज शोधलेला असतो, तो आधी सगळ्यांना ऐकवायचा आणि शुक्रवारी घ्यायचा.

आणखी एक. आमच्या मंडळात गणपतीला आणि दिवाळीला कार्यक्रम होतात, भारतातून नावाजलेले लोक येतात. त्यात वाईट काही नाही, आम्हालाही आनंद होतो. पण इथेच शिकायला आलेली, सुंदर गाणारी मुलं प्रेक्षकांत बसलेली असतात. गेल्या वर्षी आमच्या तळघरात त्यातल्या एकीची मैफल केली. २८ माणसं, माणशी २० डॉलर, सगळे तिचे. जेवण आम्ही केलं. तिने फोनवर आईला सांगितलं तेव्हा मी शेजारीच होते. "आई, तिकीट काढून आले होते गं," एवढंच बोलली आणि रडायला लागली.

शाईदौत (कुडाळ)

गायनाचा धागा आहे, पण चित्राबद्दल थोडं लिहू द्या.

आमच्याजवळ पिंगुळीला ठाकर समाजाची चित्रकथी (चित्रं दाखवत गोष्ट सांगणं) आणि कळसूत्री बाहुल्यांची परंपरा आहे. परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. त्यांनी गोठ्याच्या जागी संग्रहालय उभं केलंय. कोकणात येता तेव्हा समुद्र बघून परत जाऊ नका. तिथे थांबा, खेळ लावायला सांगा, तिकीट काढा, एखादं चित्र विकत घ्या.

वारलीचंही तेच. जिव्या सोमा मशे यांनी ही कला भिंतीवरून कागदावर आणली आणि जगभर नेली. २०१४ साली वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळालं. तरी बाजारातल्या कपावर, उशीच्या अभ्र्यावर जी वारली दिसते, ती कुणी काढली हे कुठेच लिहिलेलं नसतं. मी विकत घेताना चित्राच्या मागे नाव आणि पाड्याचं नाव लिहून मागते. विकणाऱ्याला ते सांगता आलं नाही तर घेत नाही.

कलम एकोणीस (छत्रपती संभाजीनगर)

वकिली करतो. कलाकार मित्रांनी एवढं तरी माहीत करून घ्यावं.

कॉपीराइट कायदा १९५७ चा. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांना मोठा आधार दिला. चित्रपटगृहात चित्रपटासोबत गाणं वाजतं तेवढं सोडून बाकी वापराच्या रॉयल्टीतला समान वाटा त्यांना लिहून देऊन टाकता येत नाही. वारसाला किंवा कॉपीराइट सोसायटीलाच तो हक्क देता येतो. कंपनीने "सर्व हक्क कायमचे" असं छापलेलं असलं तरी हा वाटा राहतो. करारात मुदत लिहिलेली नसेल तर पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. गाणी स्वतःची असतील तर आयपीआरएसमध्ये नोंदणी करा. ही गीतकार, संगीतकार आणि प्रकाशकांची संस्था १९६९ पासून आहे.

चित्रकारांनी जास्त सांभाळायला हवं. पैसे घेऊन काढून दिलेल्या चित्राचा पहिला हक्कदार, वेगळं काही लिहिलेलं नसेल तर, पैसे देणारा असतो. दोन ओळींचा का होईना, कागद करा.

खर्जातला सा (डोंबिवली)

कलम एकोणीस, एक अनुभव. तुकोबांचा एक अभंग मी स्वतःच्या चालीत गायला आणि यूट्यूबवर टाकला. दुसऱ्या दिवशी एका कंपनीचा दावा आला की हे आमचं आहे. मी घाबरून काढूनच टाकणार होतो.

कलम एकोणीस (छत्रपती संभाजीनगर)

काढू नका. अभंगाचे शब्द सगळ्यांचे आहेत, चाल तुमची आहे, आवाज तुमचा आहे. दावा अमान्य असल्याचं तिथेच नोंदवा. समोरच्याला ३० दिवस असतात, त्यात उत्तर आलं नाही तर दावा सुटतो. फक्त दुसऱ्या संगीतकाराने बांधलेली चाल वापरली असेल तर ती परवानगीशिवाय नको, मग शब्द तुकोबांचे असले तरी.

खर्जातला सा (डोंबिवली)

नोंदवला होता. सव्विसाव्या दिवशी सुटला. त्या सव्वीस दिवसांत रियाजाला बसलो की तोच अभंग तोंडात यायचा आणि मी थांबायचो. आता लिहिताना बरं वाटतंय.

गोदाकाठ (नाशिक)

सगळ्यांचे मनापासून आभार. मध्ये दोन आठवडे लिहिलं नाही, कारण काम चालू होतं.

रविवारी समितीच्या बैठकीत हा धागा छापून नेला. कुकडीकाठ, तुमचा राहुटीचा प्रतिसाद मी मोठ्याने वाचला. आमचे खजिनदार मूळचे आळेफाट्याकडचे निघाले. ते म्हणाले, माझ्या वडिलांनीही असा विसार दिलाय. मग फार बोलायला लागलं नाही. ठराव झाला की सोसायटीच्या कुठल्याही कार्यक्रमात गाणाऱ्या-वाजवणाऱ्याचं मानधन आधी ठरेल, साउंडच्या खर्चाहून कमी असणार नाही, निम्मं आगाऊ जाईल आणि जायचं-यायचं भाडं वेगळं.

दोघा सभासदांचा विरोध होता. तिकीट लावलं तर कुणी येणार नाही, असं त्यांचं म्हणणं. म्हणून शनिवारी करून पाहिलं. गच्चीवर, माणशी १०० रुपये, लहान मुलांना काही नाही. पंचवटीच्या त्याच मुलीला पुन्हा बोलावलं. वर्धापनदिनाला दीडशे माणसं होती आणि निम्मी फोनवर. शनिवारी ४३ आली आणि एकही मध्येच उठलं नाही. पिशवीवाल्या काकूंनी तिला छाटणीच्या वेळी बायका म्हणतात ती एक ओवी म्हणून दाखवली. तिने ती दोनदा म्हणून घेतली, वहीत उतरवली आणि खाली काकूंचं नाव, गाव लिहिलं. पाकीट देताना मी रक्कम सांगितली. तिने तिथल्या तिथे त्यातून हजार रुपये काढून तबला वाजवणाऱ्या मुलाच्या खिशात घातले.

हिशोबनीस, तिने गाण्यांखाली यूपीआयचा पत्ता लिहायला सुरुवात केली आहे. रात्रपाळी, तिच्या नव्या गाण्याच्या तपशिलात तबला, मिक्सिंग आणि चित्र, सगळ्यांची नावं आहेत. तुम्ही म्हणता तशी माग काढत जाण्यासारखी.

पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी भारुडं. सिन्नरच्या बाजूचे सत्तरीतले एक बाबा आहेत, दोघं साथीदार घेऊन येतील. आज सकाळी त्यांच्या घरी जाऊन आले. दोन हजारांचा विसार दिला, त्यांनी नोटा देवापुढे ठेवल्या आणि मग कागदावर अंगठा केला. गच्चीवर पन्नास जणांची जागा आहे, वीस नावं आली आहेत. नाशिकचे कुणी असाल तर इथेच कळवा. गार वारा सुटतो, सोबत काहीतरी पांघरायला आणा.